ग्रँडमास्टर व्हायला ५८ वर्षे उशीर

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि १९ व्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. विदर्भाची लेक म्हणून आनंद आहेच. पण हाच किताब मीर सुलतान खान यांना कधी मिळाला, हेही आपल्या घरांत माहीत असायला हवे.

पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचे सुलतान खान वडिलांकडून देशी बुद्धिबळ शिकले. त्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जायचे. १९२८ मध्ये ते अखिल भारतीय विजेते झाले. जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांना लंडनला नेले. नियम नवे, थंडी नवी. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे त्यांनी जिंकली. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत माजी जगज्जेता कापाब्लांकाला हरवले. ऑलिम्पियाडमध्ये तर ते इंग्लंडच्याच पहिल्या पटावर बसायचे! १९३३ मध्ये उमर हयात खान यांच्याच घरातली नोकर फातिमा ब्रिटिश महिला विजेती ठरली.

त्याच वर्षी मालक मायदेशी परतले, तसे हे दोघेही परतले. इथेच बाजी पलटली. सुलतान खान शेती करू लागले. १९५० मध्ये ग्रँडमास्टरांची पहिली यादी निघाली, तेव्हा खेळ थांबलेले रुबिनस्टाइन त्यात होते, सुलतान खान नव्हते. १९६६ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. मानद किताब मिळाला फेब्रुवारी २०२४ मध्ये.

म्हणजे हुनर कमी नव्हता. खेळायचे की थांबायचे हे दुसऱ्याच्या हातात होते. दिव्यामागे डॉक्टर आई-वडील आणि नागपूरसारखे शहर होते. चंद्रपूर, बल्लारपूर, देसाईगंज, अहेरीच्या मोहल्ल्यांतल्या मुलांमागे कोण आहे? सिरोंचाहून नागपूरला स्पर्धेसाठी जायचे तर दिवस मोडतो, बापाची मजुरी बुडते.

आम्हाला वाटते, सुरुवात मोठी नको. पट-सोंगट्या स्वस्त आहेत. शाळेत, अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी डाव मांडा. स्पर्धेचे प्रवासभाडे जमातीने मिळून द्यावे. आणि मुलींना पटावर आधी बसवा. फातिमा १९३३ मध्ये जिंकली होती. तेव्हा ‘मुलींना हे काय जमणार’ हा प्रश्न आता कोणी विचारू नये.