राजरंग म्हणे!

जांभळा हा राजरंग, असं कुणी म्हटलं की आपली संस्कृतिप्रेमी मंडळी लगेच माना डोलावतात. आणि रोमचं नाव निघालं की मग काय, बघायलाच नको! टायरच्या समुद्री गोगलगायींचा तो जांभळा... १९०९ साली फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगायी फोडून पाहिल्या, हाती आला जेमतेम १.४ ग्रॅम रंग. सम्राट डायोक्लेशियनच्या ३०१ सालच्या दरपत्रकात जांभळं रेशीम वजनाला वजन सोन्याच्या दुपटीहून महाग. खरं आहे सगळं. पण यात रंगाचा मोठेपणा कुठे आला? तो मिळत नव्हता, एवढंच.

हे कळायला टायरला जायला नको, पांढुर्णा-सौंसरला चला. मराठी मुलूख, १९५६ च्या वाटणीत मध्य प्रदेशात राहिलेला, २०२३ पासून वेगळा जिल्हा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर निशाण बांधतात आणि पांढुर्णा व सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. हीच ती गोटमार. वर्तमानपत्रं जखमी मोजतात. पळसाकडे कोण बघतो!

पळसाच्या झाडात दोन रंग आहेत. एक फुलांचा, पिवळा-केशरी. फुलं पाण्यात उकळा, होळीला उडवा, उन्हात तो विटून जातो. फुकटचा रंग, म्हणून त्याला मान नाही. दुसरा फांदीवरचा. लाखेचे किडे पळसाचा रस पिऊन फांदीवर लाखेचा थर चढवतात. त्या लाखेतला लाल रंग तुरटी दिलेल्या कापडावर पक्का बसतो. याला मात्र जगात गिऱ्हाईक होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात आपल्या पश्चिम किनाऱ्याकडून तांबड्या समुद्रात जाणाऱ्या मालात लाखेचा रंगही आहे.

आता मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढा. अडचणीत व्यापार करावा लागला तरी ब्राह्मणाने काय विकू नये, त्या यादीत नीळ आहे, लाख आहे, रंगवलेलं कापडही आहे. लाख विकणारा तर तत्काळ पतित! म्हणजे लाखेचा आळता पायाला लावणारी राणी वर, आणि तो विकणाऱ्याचा हात बाटलेला. 'प्राचीन रंगवैभव' म्हणून लेख पाडणारे हा भाग नेमका गाळतात.

जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावं, तर तेही जमत नाही. आमच्या गोव्यात कुणबी बाया शेतात चिखल तुडवताना नेसत तोवर ती लाल चौकड्यांची साडी गावठी होती. फॅशन शोमध्ये आली आणि 'वारसा' झाली! पळसाचंही तेच. शिगम्याला दुकानात 'हर्बल' रंगाची पाकिटं येतात, शहरातली माणसं ती कौतुकाने चढ्या भावात घेतात. पाकीट उलटून मागची बाजू वाचा. पळसफूल छापलेलं असेल, किंमतही असेल. फुलं कुणी वेचली आणि तिला किलोमागे काय मिळालं, ते मात्र नसेल.