कापूस कोणाच्या मालकीचा?

हदगाव तालुका पैनगंगेच्या अलीकडचा. नदीपलीकडे विदर्भ लागतो. दोन्ही तीरांवरील शेतकऱ्यांस कापूस हे नगदी पीक, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच आहे : स्वकष्टाने पिकविलेला माल कोणास विकावा, हे कोणी ठरवावे?

१९७२ साली महाराष्ट्र शासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. व्यापाऱ्यांच्या पिळवणुकीतून शेतकऱ्याची सुटका व्हावी, हा तिचा हेतू होता. परंतु त्यामुळे शासकीय यंत्रणेखेरीज अन्य कोणास कापूस विकणे बेकायदा ठरले. शेजारच्या राज्यात चढा भाव असला तरी गाडी सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा होता. चुकाऱ्यांस विलंब होई. पुढे योजनेचा तोटाही साचत गेला. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी या निर्बंधांस विरोध केला. अखेर २००२ साली खासगी खरेदीस मुभा मिळाली व एकाधिकार संपला.

मग बाजार खरोखर मुक्त झाला काय? अमेरिकेने वाढविलेल्या शुल्कामुळे वस्त्रोद्योग अडचणीत येताच, १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र शासनाने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले. ही सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे ऐन वेचणीच्या हंगामात परदेशी कापसास दार उघडले. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्यास ७,७१० व लांब धाग्यास ८,११० रुपये प्रतिक्विंटल होता. मात्र १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला कापूस सरकारी केंद्रावर घेतला जात नाही. अतिवृष्टीत भिजलेल्या मालाच्या धन्यास मग व्यापारी देईल तो भाव पत्करावा लागतो.

येथे शासनाची विसंगती दिसते. ग्राहकाचे वा गिरणीचे हित असते तेव्हा ते हस्तक्षेप करते. शेतकऱ्याचे नुकसान होते तेव्हा बाजाराकडे बोट दाखविते.

परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या ‘चेन्तेसिमुस आन्नुस’ या परिपत्रात मुक्त बाजाराची कार्यक्षमता मान्य केली; तथापि अनेक मानवी गरजा बाजारात भागत नाहीत, हेही बजावले. हा विचार कापसास लागू पडतो. शासन हा शेवटचा आधार असावा, एकमेव ग्राहक नसावा. आयात-निर्यातीचे धोरण पेरणीपूर्वी जाहीर व्हावे आणि हंगाम संपेतो बदलू नये. एवढे झाले, तरी कोणते पीक घ्यावे व ते कोठे विकावे, याचा निर्णय शेतकरी डोळसपणे घेऊ शकेल.