हिशेबात न धरलेले सामने

"आजोबा, ते एक्झिबिशन गेम्स होते. दे डोन्ट काउंट."

एवढं बोलून नातवाने पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं. गेल्या उन्हाळ्यात मी मुलाकडे न्यू जर्सीला होतो, तेव्हाची गोष्ट. शेजारी एक कृष्णवर्णीय गृहस्थ राहतात, ऐंशी ओलांडलेले. संध्याकाळी कुंपणापाशी गप्पा व्हायच्या. माझं इंग्रजी बेताचंच, पण म्हाताऱ्याला म्हाताऱ्याचं बोलणं कळतं. त्या दिवशी ते वडिलांकडून ऐकलेली आठवण सांगत होते. शिकागोच्या कोमिस्की पार्कवर होणारा 'ईस्ट-वेस्ट' सामना, दक्षिणेकडून भरभरून येणाऱ्या आगगाड्या, रविवारी चर्चला जावं तसे ठेवणीतले कपडे घालून आलेली माणसं, आणि जॉश गिब्सन नावाचा कॅचर बॅट घेऊन उभा राहिला की स्टेडियमभर पडणारी शांतता. सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. आणि आमच्या चिरंजीवांच्या चिरंजीवांनी निकाल दिला, 'धरत नाहीत'.

मला राग आला. नातवाचा नव्हे, त्या शब्दाचा. उभी हयात शाळेत गेली. इतिहास शिकवताना धडा रंगात आला की हमखास मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, "सर, हे परीक्षेला आहे का?" नाही म्हटलं की पेनं खाली. 'धरत नाहीत' हा त्याच प्रश्नाचा मोठा भाऊ.

तर मंडळी, आधी थोडी माहिती. १९४७ पर्यंत अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये काळ्या खेळाडूंना जागा नव्हती. कायदा वगैरे नव्हता हो, आपसातली समजूत होती. त्यामुळे त्यांनी स्वतःच्या लीग काढल्या, ज्यांना निग्रो लीग म्हणतात. १९३३ च्या ६ जुलैला याच कोमिस्की पार्कवर गोऱ्यांचा पहिला ऑल-स्टार सामना झाला आणि बेब रूथने त्यातला पहिला होमरन मारला. दोनच महिन्यांनी, १० सप्टेंबरला, त्याच मैदानावर काळ्या खेळाडूंचा पहिला ईस्ट-वेस्ट सामना झाला. संघ निवडले प्रेक्षकांनी, 'शिकागो डिफेंडर' आणि 'पिट्सबर्ग कुरिअर' या काळ्या समाजाच्या वृत्तपत्रांतून मतं देऊन. आता जरा थांबून विचार करा. दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत ज्या माणसाला निवडणुकीत मत टाकू देत नव्हते, तो माणूस वृत्तपत्रातला कागद भरून आपला पिचर निवडत होता! १९४३ च्या सामन्याला पन्नास हजारांवर माणूस लोटला. हा 'प्रदर्शनीय' सामना. धरत नाहीत.

आता कोणी म्हणेल की मास्तर, जुनं कशाला उकरता, चूक तर दुरुस्त झाली ना? झाली, अर्धी. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना बरोबरीचा दर्जा दिला. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले, आणि कारकिर्दीच्या सरासरीत जॉश गिब्सन .३७२ वर जाऊन टाय कॉबच्या .३६७ च्या पुढे बसला. चांगलं झालं. ज्यांनी जुन्या वर्तमानपत्रांतून एकेक धावफलक शोधून काढला त्यांना माझा नमस्कार.

पण मोजलं काय? फक्त लीगचे सामने. लीगचा हंगाम तुटपुंजा होता. संघांचं पोट भरायचं ते गावोगाव फिरून खेळलेल्या सामन्यांवर. बसमध्येच झोपायचं, कारण हॉटेलात घेत नसत, आणि दुसऱ्या दिवशी पुढचं गाव गाठायचं. हंगाम संपला की गोऱ्या खेळाडूंच्या संघांशी सामने व्हायचे. १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये बॉब फेलर आणि सॅचेल पेज आपापले संघ घेऊन विमानाने देशभर फिरले. त्या काळात एकाच मैदानावर गोरा आणि काळा समोरासमोर उभे राहून कोण सरस हे बघायची सोय फक्त या 'न धरलेल्या' सामन्यांत होती. म्हणजे जो खरा पेपर होता तोच वगळला, आणि वर्गातल्या चाचणीचे गुण जाहीर केले.

गिब्सनच्या कूपर्सटाउनच्या पाटीवर लिहिलंय की लीग आणि बाहेरचे सामने धरून त्याने जवळजवळ आठशे होमरन मारले. अधिकृत नोंदीत ते दोनशेही भरत नाहीत. हा फरक बघून आकडेवाले हसतात. म्हणतात, ही म्हाताऱ्यांची फेकाफेक.

असेलही. मी नाकारत नाही. आठवण फुगते, माझीही फुगते. आमच्या गावच्या नदीच्या पुराचं पाणी मी सांगतो तितकं चढलं नसेल. पण फुगवायची वेळ का आली? टाय कॉबबद्दल कोणी फेकत नाही, कारण त्याच्या प्रत्येक सामन्याला पेन्सिल घेऊन माणूस बसलेला असायचा. गिब्सनच्या बहुतेक सामन्यांना कोणी तसा माणूस पाठवला नाही. आधी नोंद ठेवायची नाही, आणि मग 'नोंद कुठाय?' असं विचारायचं! सातबारा ज्याच्या कपाटात, त्यानेच कुळाला कागद मागावा तसं हे. ज्यांनी दार लावून घेतलं त्यांच्या वारसांनी पुराव्याच्या बाबतीत एवढा ताठा दाखवू नये. गिब्सन २० जानेवारी १९४७ ला गेला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला तो १५ एप्रिलला. तीन महिने.

माझा आग्रह आकडे बदला असा नाही. आठशे होते की पाचशे, मला ठाऊक नाही, आणि नसलेला आकडा अधिकृत करा असं म्हणणारा मी मास्तर नव्हे. 'नोंद नाही' आणि 'किंमत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढंच माझं भांडण.

जपान्यांना हे बरोबर कळलं. १९३४ मध्ये बेब रूथ वगैरे मंडळी जपानच्या दौऱ्यावर गेली. २० नोव्हेंबरला शिझुओकाला एइजी सावामुरा नावाच्या सतरा वर्षांच्या पोराने गेरिंजर, रूथ, गेरिग आणि फॉक्स या चौघांना ओळीने स्ट्राइक आउट केलं. चौघेही त्या काळचे महारथी. शेवटी गेरिगच्या एका होमरनवर जपानी संघ १-० असा हरला. सामना प्रदर्शनीय, वर हरलेला! पण त्या मैदानापाशी आज सावामुराचा पुतळा आहे, समोर रूथचा. सावामुरा पुढे व्यावसायिक लीगमध्येही मोठा झाला, नाही असं नाही. १९४४ मध्ये युद्धात त्याचं जहाज बुडालं. जपानमधल्या सर्वोत्तम पिचरला १९४७ पासून त्याच्या नावाचा पुरस्कार देतात. पण जपानी माणसाला सावामुरा म्हटलं की आठवते ती शिझुओकाची दुपार.

मेजर लीगने एकदा उलटाही प्रयोग करून पाहिला. २००२ चा ऑल-स्टार सामना मिलवॉकीला पिचर संपले म्हणून ७-७ असा बरोबरीत सोडावा लागला. प्रेक्षकांनी हुर्यो केली. मग २००३ पासून नियम आला की हा सामना जिंकणाऱ्या लीगला वर्ल्ड सिरीजमध्ये घरच्या मैदानाचा फायदा. म्हणजे प्रदर्शनीय सामना 'धरायला' लागले. २०१६ नंतर तो नियम मुकाट्याने गुंडाळून ठेवला. असो.

नातवाला मी हे सगळं सांगितलं नाही. सतरा वर्षांच्या मुलाला एवढं ऐकवलं तर तो जेवायला यायचाही बंद होईल. फक्त विचारलं, "अरे, तू लहान असताना बाबा तुला सिटी फील्डवर घेऊन गेला होता ना? कधी रे?"

त्याने लगेच मान वर केली. ७ नोव्हेंबर २०१५. न्यूयॉर्कच्या बेसबॉलच्या मैदानात मधोमध आणून बसवलेली खेळपट्टी, सचिन आणि वॉर्नचे संघ, सेहवागने २२ चेंडूंत काढलेल्या ५५ धावा. सात वर्षांचा होता, पण बाबांच्या खांद्यावरून काय दिसलं ते सगळं त्याला पाठ.

"जिंकलं कोण?"

"आठवत नाही."

"वॉर्नचा संघ. तिन्ही सामने त्यांनीच जिंकले. पण ते एक्झिबिशन गेम्स होते म्हणे. धरत नाहीत."

"ते वेगळं, आजोबा," तो म्हणाला. "तो सचिन होता."

कुंपणापलीकडे शेजारी नळी धरून झाडांना पाणी घालत होते. म्हटलं, "जा, हेच त्यांना सांगून ये. फक्त नाव बदल."