झोपलेला मजूर कामावर नसतो?

२ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात वडनेर भोलजीजवळ महामार्गाच्या कामावर आलेले मेळघाटातले मजूर रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपले होते. ट्रक थेट आत शिरला. पाच जण गेले. अशा वेळी ‘काळाचा घाला’ लिहिण्याची पद्धत आहे. मला त्यात काळापेक्षा कंत्राट जास्त दिसतं.

भारतीय रस्ते काँग्रेसची ‘आयआरसी:एसपी:५५’ ही मार्गदर्शिका फलक किती आधी लावायचा, शंकू कुठे ठेवायचे, चमकणारं जाकीट कोणी घालायचं, हे सगळं सांगते. पण ते काम चालू असतानाचं. राहण्याचं काय? तेव्हा लागू असलेल्या १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याचं कलम ३४ सांगायचं की, मालकाने तात्पुरता निवारा फुकट द्यावा, कामाच्या जागेवर किंवा शक्य तितका जवळ. इमारतीच्या कामाला हे ठीक. रस्त्याच्या कामावर ‘जवळ’ म्हणजे ट्रकच्या चाकाजवळ!

इथे जबलपूरलाही मंडला-दिंडोरीहून गोंड, बैगा कुटुंबं मजुरीला येतात. साहेबाची खोली शहरात, यांची पालं खडीच्या ढिगाशेजारी. रस्त्यापासून कोण किती लांब झोपतो, एवढं मोजलं तरी उतरंड कळते.

आपल्यातले काही जण आता बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंते आहेत. निविदेत निवाऱ्याची बाब वेगळी मांडा. रस्त्यापासूनचं अंतर आणि मधला काँक्रीटचा कठडा आकड्यांत लिहा. आणि शेड स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय बिलावर सही करू नका.