इरोक्वॉय आप्तसंज्ञांचे व्याकरण

न्यूयॉर्क-कॅनडा परिसरातील इरोक्वॉय लोक मराठी अभ्यासकाला भेटले ते प्रायः एंगल्सच्या १८८४ च्या कुटुंबसंस्थाविषयक ग्रंथातून, एंगल्सला मॉर्गनकडून. डांगे यांचा १९४९ चा ग्रंथही त्याच वाटेने गेला. या साऱ्या चर्चेत इरोक्वॉय ही समाजविकासाची एक पायरी ठरते. त्यांच्या भाषांचा विचार क्वचितच होतो. ही उणीव किरकोळ नव्हे.

मॉर्गनने १८७१ मध्ये त्यांच्यातील सेनेकांच्या आप्तसंज्ञांचे कोष्टक मांडले. तेथे मावशीलाही आईच म्हणतात. ('माय मरो पण मावशी जगो' म्हणणाऱ्यांना याचे नवल वाटू नये.) परंतु कोष्टकात संज्ञा सुट्या नामांसारख्या पडून राहतात. प्रत्यक्षात या भाषांतील बहुतेक आप्तवाचक शब्दांना सकर्मक क्रियापदांप्रमाणे दोन व्यक्ती दर्शविणारे उपसर्ग लागतात. मोहॉक भाषेतील 'राकेनिहा' म्हणजे 'माझे वडील'. शब्दशः 'तो मला पिता आहे'. नाते हे येथे केवळ नाव नव्हे, दोघांमधील संबंधाचे विधान आहे. ते व्याकरण वगळून केलेले कुटुंबव्यवस्थेचे विवेचन मला तरी अपुरे वाटते.

आणि आपण ज्यांना प्राचीन अवस्थेचा नमुना म्हणून शिकवितो, त्यांनीच १९७९ मध्ये अक्वेसास्ने येथे स्वतःची शाळा काढली. पुढे तिचे माध्यम मोहॉक झाले.