जाणाऱ्या प्रशिक्षकाचा हिशोब

एप्रिल २०२५ मध्ये शाळेच्या सुट्टीत आम्ही ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या नैर्ऋत्येस असलेल्या स्प्रिंगफील्ड लेक्स ह्या वसाहतीत आमच्या मावसबहिणीकडे मुक्कामास होतो. तळ्यांच्या काठाने वसविलेले हे नवे उपनगर; भारतातून आलेली कुटुंबेही तेथे पुष्कळ. रविवारी दोन मराठी कुटुंबे जेवायला आली होती, एक नागपूरचे आणि एक पुण्याचे. आपली डालपुरी आणि त्यांचे भरले वांगे एकाच ताटात आले. मात्र गप्पा क्रिकेटवर आल्या आणि हात वाळले तरी कोणी उठेना.

निमित्त झाले अभिषेक नायर ह्यांचे. भारतीय संघाच्या ह्या सहायक प्रशिक्षकाला आठ-नऊ महिन्यांतच दूर केल्याची बातमी त्याच आठवड्यात आली होती. २०२४ मध्ये न्यूझीलंडने भारताला भारतातच ३-० असे हरविले, त्यापाठोपाठ ऑस्ट्रेलियाने ३-१ असे. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली, पण तोवर बहुधा ठरून गेले असावे. मुख्य प्रशिक्षक गौतम गंभीर मात्र जागेवरच राहिले. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे पुन्हा बांगरचेच झाले." आणि वादाला खरे तोंड फुटले.

वाचकहो, आपण बेटावरची माणसे फुटबॉलवाली. आपल्याकडे घराघरात लिव्हरपूल आणि मँचेस्टर असे दोन पंथ आहेत. क्रिकेट आपल्याला परके. तेव्हा थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेत कॉलेजांच्या फुटबॉलमध्ये आक्रमणाची आखणी करणारा प्रशिक्षक वेगळा असतो. तो निघाला की त्याने संघ घडविला की बुडविला, ह्यावर चाहते महिनोन्महिने भांडतात. स्प्रिंगफील्डमध्येच ब्रिस्बेन लायन्स संघाचे २०२२ साली उघडलेले मैदान आहे. त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्येही पुढच्या, मधल्या आणि बचावाच्या फळीला निरनिराळे प्रशिक्षक असतात. क्रिकेटमध्ये असा माणूस म्हणजे फलंदाजी प्रशिक्षक, आणि ऑगस्ट २०१४ पासून पाच वर्षे भारतीय फलंदाजीची जबाबदारी संजय बांगर ह्यांच्याकडे होती.

बांगर बीडचे. क्रिकेट खेळले रेल्वेकडून. त्यांच्या नावावर कसोटी सामने अवघे बारा. नागपूरच्या गृहस्थांना त्यांचे २००२ सालचे नागपुरातील झिम्बाब्वेविरुद्धचे शतक आठवत होते, आणि ते अभिमानाने सांगत होते. पण जाणकार नाव घेतात ते त्याच वर्षीच्या लीड्सच्या डावाचे. ढगाळ हवा, वळणारा चेंडू, आणि सलामीला आलेल्या ह्या माणसाने २३६ चेंडू खेळून ६८ धावा केल्या. पुढे द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली ह्या तिघांनी शतके ठोकली, भारताने ६२८ धावांवर डाव सोडला आणि सामना एका डावाने जिंकला. शतके सगळ्यांच्या लक्षात राहिली. ते ६८ किती जणांच्या?

आता त्यांच्यावरचा आरोप पाहू. जुलै २०१९, मँचेस्टर, विश्वचषकाचा उपांत्य सामना. न्यूझीलंडला हरविण्यासाठी २४० धावा हव्या होत्या. रोहित शर्मा, राहुल आणि कोहली प्रत्येकी एक धाव करून परतले. ५ धावांत ३ बाद, मग २४ धावांत ४ बाद. अशा वेळी धोनी आला तो सातव्या क्रमांकावर. जडेजाने ७७ धावा करून आशा जागविली, धोनी पन्नाशीवर धावबाद झाला आणि भारत १८ धावांनी हरला. ऑगस्टमध्ये निवडीची वेळ आली तेव्हा मुख्य प्रशिक्षक रवी शास्त्री राहिले, गोलंदाजीचे भरत अरुण राहिले, क्षेत्ररक्षणाचे श्रीधर राहिले. गेले ते एकटे बांगर. त्यांच्या जागी विक्रम राठोड आले.

धोनीला उशिरा पाठविण्याचा निर्णय सर्वांचा होता, असे शास्त्रींनीही नंतर सांगितले. मग सर्वांच्या निर्णयाचे बिल एकाच्याच नावावर कसे फाडले गेले? आमचा आक्षेप इथे आहे.

पुण्याचे गृहस्थ ऐकणारे नव्हते. ते म्हणाले, चौथ्या क्रमांकाचा फलंदाज कोण, हे चार वर्षांत ठरले नाही. रायुडूला घेतले, मग ऐन विश्वचषकाला वगळले. विजय शंकर आला, तो जायबंदी झाला. उपांत्य सामन्यात तेथे कोवळा पंत उभा होता. ह्याला फलंदाजी प्रशिक्षकाने जबाबदार नसावे तर कोणी? हा मुद्दा आम्हांस मान्य करावा लागतो. संघ बांगर निवडत नव्हते हे खरे, पण पाच वर्षे त्या खोलीत बसलेल्या माणसाचा शब्द पोचला नसेल, तर तेही एक अपयशच आहे.

पण दुसरा रकाना कोरा ठेवू नये. विराट कोहलीने २०१४ च्या इंग्लंड दौऱ्यात दहा डावांत १३४ धावा केल्या होत्या. २०१८ मध्ये त्याच इंग्लंडमध्ये ५९३. २०१८-१९ मध्ये भारताने ऑस्ट्रेलियात प्रथमच कसोटी मालिका जिंकली, तेव्हा पुजाराने तीन शतकांसह ५२१ धावा केल्या. "स्मिथ आणि वॉर्नर नव्हते त्या वेळी," पुणेकर म्हणाले. नव्हते; पण पुजाराला चेंडू टाकणारे तर तेच होते! कोहलीने तेंडुलकरांचाही सल्ला घेतला होता, म्हणून सगळे श्रेय बांगरना द्या असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की यशाची वाटणी करताना दहा जण मोजता, तर पराभवाचीही तशीच करा.

आणि मग जानेवारी २०२१. ह्या घरापासून तासाभराच्या आतले गाबा मैदान, जेथे ऑस्ट्रेलिया १९८८ पासून कसोटी हरला नव्हता. भारताने ३२८ धावांचे लक्ष्य गाठले. पंत नाबाद ८९, गिल ९१, आणि अंगावर चेंडू झेलत २११ चेंडू उभा राहिलेला पुजारा, धावा ५६. तेव्हा प्रशिक्षक राठोड होते. त्यांचा वाटा त्यांना मिळालाच पाहिजे. पण पुजाराची ती सहनशक्ती काही एका वर्षात आली नव्हती. आम्ही शाळामास्तर आहोत, वरच्या वर्गाचा निकाल लागला की खालच्या वर्गाच्या मास्तरला कोणी पेढा देत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे!

क्रिकेट मंडळाला ज्याला बदलायचे त्याला खुशाल बदलावे. तो त्यांचा अधिकार आहे. पण कारण उघड सांगावे, आणि मुख्य प्रशिक्षकाने त्यातला आपला वाटा स्वतःच्या तोंडाने सांगावा. नायर ह्यांच्या बाबतीत २०२५ मध्येही चाहत्यांना सगळे वर्तमानपत्रांच्या अंदाजांतूनच कळत होते.

आमचा भाचा एवढा वेळ गप्प होता. तो शनिवारी सकाळी बारा वर्षांखालील मुलांना फुकट फलंदाजी शिकवायचा. संघ शेवटचे दोन सामने हरला आणि पुढच्या हंगामासाठी त्याला बोलावणे आले नाही. आम्हांला हे ठाऊक नव्हते. नागपूरच्या गृहस्थांनी विचारले, "मग आता शनिवारी काय करतोस?" तो म्हणाला, "काका, त्यातली दोन मुले अजून येतात. मागच्या अंगणात खेळतो आम्ही." मावसबहीण म्हणाली, कुंपणाची एक फळी त्यांनीच फोडली आहे.