समुपदेशकाची पाटी आणि नोंदणी

अनसिंगमध्ये आम्ही महिलांच्या बैठका घेतो. बीपी-शुगरची चौकशी होते. मग एखादी हळूच म्हणते, "ताई, झोप लागत नाही. मालक कर्जाच्या विचारात गप्प झालेत." अशा वेळी ऐकून घेणारं शिकलेलं माणूस गावात हवं. आपल्या मुलीही विचारतात, "समुपदेशक व्हायला काय करावं लागतं?"

आमचं पहिलं सांगणं : तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर पाटी लावू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेचा मान्य अभ्यासक्रम आणि तिची नोंदणी लागते. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने समुपदेशकही नोंदणीच्या कक्षेत आणले.

नर्सिंग झालेल्यांना वाट जवळची आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार जीएनएम होऊन नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंद असलेली परिचारिकाही राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नाव नोंदवू शकते. पण नुसत्या नोंदणीने ऐकायची कला येत नाही. आमच्या डिप्लोमातलं मनोविकाराचं शिक्षण पुरेसं नव्हतं. म्हणून मनोविकार परिचर्येचा एक वर्षाचा डिप्लोमा जरूर करा.

शहरात राहून शिकणं मजुराच्या मुलीला झेपत नाही. शासनाने शिष्यवृत्ती द्यावी, प्राथमिक आरोग्य केंद्रात समुपदेशकाचं पद भरावं. आणि आपल्यातल्या दहा नोकरदारांनी मिळून एका मुलीची फी उचलावी. ती परत आली, तर त्या ताईला झोप लागेल.

तोवर कोणी खचलेलं दिसलं, तर एकटं सोडू नका. टेली-मानसचा मोफत क्रमांक १४४१६ स्वतः लावून द्या.